ट्रेलरच्या मैलापाण्याचा होज किती फुटी? आचऱ्याच्या वाडीतल्या नोंदी

ज्यांना आपला ट्रेलर ओढत कोकणात न्यायचा आहे, कुणाच्या तरी वाडीत लावायचा आहे आणि टाक्या त्या घराच्याच चेंबरात रिकाम्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी या नोंदी. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पण आम्ही राहिलो तिथे ट्रेलरसाठी वेगळं ड्रेन असं काही नव्हतं. घराचा चेंबर, घराची सेप्टिक टाकी आणि ‘बघा जमतं का’ म्हणणारे घरमालक. नाजूक मनाच्या मंडळींनी जेवणानंतर वाचावं.

२ ऑक्टोबर, पुणे

आधी सामान. ट्रेलर १६ फुटी, वर्कशॉपमध्ये बांधून घेतलेला. मैल्याची टाकी ८० लिटर, सांडपाण्याची १२०. मैल्याच्या टाकीला ३ इंची पात्याचा व्हॉल्व्ह, दांडी ओढली की पातं सरकतं. सांडपाण्याच्या टाकीला तसाच, पण दीड इंची. दोन्ही पाइप चॅसीखाली एकत्र येतात आणि बाहेर एकच ३ इंची तोंड निघतं. होजच्या कपलिंगला कान आहेत; दाबून फिरवलं की अडकतात.

८० लिटर ऐकायला पुष्कळ वाटतात. बाहेरच्या देशातले हिशोब कागद वापरणाऱ्यांचे असतात. आपल्याकडे जेट स्प्रे, आणि त्यावर सवयीने एक मगभर पाणी. आम्हा तिघांची टाकी तिसऱ्या दिवशी भरायला येते. म्हणजे होज हे वर्षातून दोनदा काढायचं सामान नाही, दर दोन-तीन दिवसांनी हाताळायचं आहे. लांबीचा विचार करताना हे डोक्यात ठेवा.

बाजारात येणारे आयात होज साधारण १०, १५ आणि २० फुटी असतात. आत तारेची स्प्रिंग, वर पातळ प्लॅस्टिक, पेटीच्या भात्यासारखा दाबला की १५ फुटी होज चार-साडेचार फुटांत बसतो. मी १५ आणि १० असे दोन घेतले, मध्ये जोड, शेवटाला पारदर्शक एल्बो. सगळं मिळून ९ हजारांच्या आसपास. २० चा एकच घेतला असता तर गळायची एक जागा कमी झाली असती. पण दोन असले की एक फाटला तरी दुसऱ्यावर भागतं.

एक गोष्ट बांधणीतच राहून गेली आहे. आमच्या वर्कशॉपने ज्या अमेरिकन नकाशावरून काम केलं त्यात दार उजवीकडे आणि ड्रेनचं तोंड डावीकडे. त्यांची वाहतूक उजव्या बाजूने, तेव्हा दार फुटपाथकडे उघडतं. आपण डावीकडून चालतो म्हणून दार डावीकडे आणलं. ड्रेनचं तोंड कुणी हलवलं नाही. आता दार आणि मैल्याचं तोंड एकाच बाजूला, दोघांत जेमतेम पाच फूट. ट्रेलर बांधायला टाकणार असाल तर नकाशा पूर्ण उलटा करून घ्या, अर्धा नको.

५ ऑक्टोबर, आचरा

निपाणी, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली. घाटात वेळ गेला, त्याबद्दल इथे काही नाही.

वाडी ओळखीच्या काकांची. माड, पोफळी, मागे विहीर. ट्रेलरमध्ये राहणारी माणसं बघून काका-काकूंना काही नवल वाटलं नाही. आचरा हे गावपळणीचं गाव. काही वर्षांनी एकदा सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहुट्यांत राहतो. काकूंनी एवढंच विचारलं, ‘संडास आत आसा? आणि मगे जाता खय?’ नेमका तोच प्रश्न.

घराचा चेंबर परसात. ट्रेलर सपाट जागेवर, खळ्याच्या कडेला लावला. नजरेने अंतर १५ फूट वाटत होतं. सुंभाची दोरी घेऊन होज जसा जाईल तशी जमिनीवर टाकली: तोंडापासून निघून पायरीला वळसा, मग चाकामागून चॅसीखालून पलीकडे, मग चेंबर. दोरी ताणून मोजली तर २२ फूट. टेपने सरळ रेषेत मोजू नका, होज भिंतीतून आणि चाकातून जात नाही.

१५ आणि १० मिळून २५. पुरेल, असं म्हणून झोपलो.

७ ऑक्टोबर

खरा माल सोडायच्या आधी साध्या पाण्याची चाचणी. मैल्याच्या टाकीत विहिरीचं ५० लिटर पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ टाकली. निळं पाणी गळलं तर लाल मातीवर दिसतं, आणि एल्बोतून किती वेळ येतंय तेही कळतं. ही युक्ती जरूर करा, दहा रुपयांत होते.

व्हॉल्व्ह ओढला. होज फुगला, सळसळला, आणि चेंबरकडच्या एल्बोत बोटभर धार आली. मग धारही थांबली. होज चाचपला तर चॅसीखालचा भाग भरलेला, जड. पाणी चेंबरकडे न जाता मधल्या झोळात बसलं होतं.

३ इंची होजमध्ये फुटाला जवळजवळ १.४ लिटर पाणी मावतं. २२ फूट भरले तर ३० लिटर. पन्नासातलं निम्म्याहून जास्त पाणी होजमध्येच राहिलं असणार. हे निळं पाणी होतं म्हणून हसू आलं. होज एका टोकाकडून उचलत, हाताखालून सरकवत चेंबरपर्यंत ‘चालवत’ नेला. २२ फुटांचा अर्धा भरलेला होज एकट्याने उचलणं म्हणजे एक टोक वर नेलं की दुसरीकडून उलटं येतं. दोन माणसं लागतात.

दुसरी गोष्ट. २५ फुटी होज २२ फुटांत टाकला की उरलेले तीन फूट कुठेतरी जातातच. ते नागमोडी वळणं होऊन बसले. स्प्रिंग असल्यामुळे होज स्वतःहून आखडतो, आखडला की आतल्या वळ्या जवळ येतात आणि घाण त्यांत अडकते. अगदी ताणूनही चालत नाही, कारण मग सगळा ओढा कपलिंगच्या कानांवर येतो. फूट-दीड फूट सैल ठीक, त्याहून जास्त सैल म्हणजे झोळ.

८ ऑक्टोबर

दुपारी परतीचा पाऊस, विजांसकट. काम नाही. चेंबरभोवती पाणी वाहत होतं, आत गेलं नाही. चेंबरचं तोंड जमिनीपासून ७ इंच वर चिऱ्याने, म्हणजे जांभ्या दगडाने, बांधून घेतलंय. काका म्हणाले, ‘पावसाचा पाणी आत जाव नये म्हणान उंच बांधलंय.’ बरोबरच आहे. कोकणातली बहुतेक घरं असंच करतात आणि केलंच पाहिजे. पण माझं घोडं तिथेच अडलंय, हे तेव्हा लक्षात आलं.

९ ऑक्टोबर

सकाळी लेव्हलची नळी मागून आणली, गवंडी वापरतात ती पारदर्शक, पाणी भरलेली. एक टोक ड्रेनच्या तोंडाशी, दुसरं चेंबरशी. आकडे असे:

ट्रेलरच्या तोंडाची खालची कड जमिनीपासून १२ इंच. चेंबरची कड तिथल्या जमिनीपासून ७ इंच. आणि खळं डोळ्याला सपाट दिसतं तरी चेंबरकडची जमीन २ इंच उंच. म्हणजे १२ वजा ९, हातात उतार फक्त ३ इंच.

प्लंबर फुटाला पाव इंच, म्हणजे २ सूत उतार धरतात. २२ फुटांना साडेपाच इंच हवेत. माझ्याकडे ३. जवळजवळ निम्म्याने कमी. होज १५ चा घ्या, २० चा घ्या की दोन जोडा, हा उतार वाढत नाही. उलट जितका लांब, तितका तोच उतार पातळ होतो.

इथे हिशोब सोपा करून ठेवतो. फुटाला पाव इंच म्हणजे हातात जितके इंच उतार आहे त्याच्या चौपट फूट होज चालेल. ३ इंच तर १२ फूट. ५ इंच तर २० फूट. दुकानात जाण्याआधी हाच आकडा काढायचा. अंतर त्यानंतर मोजायचं. मी उलटं केलं होतं आणि माझ्या माहितीतल्या ट्रेलरवाल्यांपैकी सगळ्यांनीच उलटं केलेलं आहे.

१० ऑक्टोबर

तरीही २२ फुटांत जमवायचा हट्ट. निदान झोळ काढला तर ३ इंच एकसारखे वाटले जातील, असा विचार. होजखाली चिऱ्याचे तुकडे लावले, दर दोन फुटांवर एक, कमी-कमी उंचीचे. दोन तुकड्यांमध्ये होज लगेच बसतो, भरला की आणखी बसतो. तुकडे जवळ आणले. मग झोळ कमी झाला, पण चिरा खरखरीत. पाणी सुटलं की होज हलतो, आणि चिऱ्याच्या कडेवर घासून १० फुटी होजला बारीक भोक पडलं. निळा थेंब दिसला म्हणून कळलं. टेप लावली, टिकली नाही. त्या जागेवर होज कापला, टोक पुन्हा कपलिंगात पिळून बसवलं. आता तो साडेआठ फुटी आहे.

पुण्यात प्लॅस्टिकचे घडीचे आधार मिळतात, पायऱ्यापायऱ्यांचे. मी घेतले नव्हते, महाग वाटले होते.

११ ऑक्टोबर

काकांनी विहिरीमागून एक जुनी पन्हळ काढून दिली. पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून केलेली. पूर्वी रहाटाचं पाणी आगरात न्यायला हीच वापरायचे. साधारण १४ फूट, नाकासारखी सरळ. तिच्यात ३ इंची होज अगदी मापाने बसतो.

पन्हळ दोन्ही टोकांना चिऱ्यावर टेकवली, मध्ये एक आधार, लेव्हलच्या नळीने उतार लावला. पुन्हा ५० लिटर निळं पाणी. या वेळी धार भरून आली आणि होजमध्ये शेवटी तांब्याभर राहिलं असेल. विकतच्या आधारांपेक्षा हे चांगलं, कारण पूर्ण लांबीभर आधार आहे. पोफळीच्या फाटीचे काटे मात्र होजला टोचतात. आतून काथ्याच्या दोरीने घासून घ्या.

पण पन्हळ सरळ. ती पायरीला वळसा घालत नाही. चॅसीखालून तिरकी गेली आणि बाकीचे आठ फूट जमिनीवरच राहिले. साध्या पाण्याला चाललं. घट्ट मालाला चालेल का, शंका होती.

१२ ऑक्टोबर

शंका खरी. टाकी पाऊण भरली होती, रिकामी केली. पाणी गेलं, जड भाग जमिनीवरच्या आठ फुटांत बसला. सांडपाण्याची टाकी मागून सोडली तेव्हा बराचसा वाहून गेला. हा क्रम कायम ठेवा: आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतला जातो. तरी शेवटी होज चालवत न्यावा लागलाच, आणि या वेळी पाणी निळं नव्हतं.

दसऱ्याचा दिवस. शस्त्रपूजेत पाना, हॅक्सॉ आणि हातमोजे ठेवले. होज ठेवायला बायकोने नकार दिला.

१३ ऑक्टोबर

काका बराच वेळ माझी खटपट बघत होते. शेवटी म्हणाले, ‘नळी वाढवतंस कित्याक? गाडीच हय हाड मरे.’ म्हणजे गाडीच इकडे आण.

चेंबरजवळ जागा आहे, पण ती तीन माडांखाली. म्हणून पहिल्या दिवशी टाळली होती. आता पाडेल्याला बोलावून तिन्ही माडांचे नारळ उतरवून घेतले, सुकी झावळंही पाडून घेतली. पाडेल्याची मजुरी मी दिली, नारळ काकांचे. ट्रेलर मागे घेताना माडांमध्ये वळवायला सकाळ गेली. गाडी मागे घेताना ट्रेलर उलट्या दिशेला वळतो, माडाला हे समजावून सांगता येत नाही. मागच्या दिव्याची काच गेली.

आता दोरीने अंतर ९ फूट. उतार तोच ३ इंच, चौपट १२ फूट, म्हणजे आत बसलो. १५ फुटी होज दाबून वापरता आला असता, पण वळ्या घट्ट झाल्या असत्या, म्हणून साडेआठ फुटी कापलेलाच लावला. एल्बोची लांबी धरून जेमतेम पोचला. टाकी रिकामी: एकदम, भसाभस, होजमध्ये काही उरलं नाही. खाली फक्त चिऱ्याचे दोन सपाट तुकडे, वर गोणपाट.

ही जागा मिळत असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. गाडी हलवायला पैसे पडत नाहीत.

१६ ऑक्टोबर

रात्री वाऱ्यात एक झावळ पडली. पाडेल्याने काढली होती त्यांतली नव्हे, हिरवीच होती. ट्रेलरच्या टपावरची पंख्याची जाळी तुटली. मुलगी घाबरली. सकाळी ट्रेलर परत खळ्याच्या कडेला, म्हणजे २२ फुटांवर.

होज वाढवायचा नाही आणि गाडी हलवायची नाही, तर उरतो चेंबर. त्याचं तोंड उंच आहे हे खरं, पण आत तळ दीड-पावणेदोन फूट खोल आहे. पाणी वरूनच का ओतायचं? भिंतीला भोक पाडून खालून का नाही? काकांना विचारलं. ते रात्रभर विचार करतो म्हणाले. घर त्यांचं, पावसाळा त्यांचा, तेव्हा घाई केली नाही.

१८ ऑक्टोबर

काकांची अट: पावसाळ्यात थेंबभर पाणी आत जाता कामा नये, आणि आम्ही गेल्यावर ते भोक बंद करता यायला हवं. रास्त.

गवंड्याने चेंबरच्या चिऱ्याच्या भिंतीत जमिनीपासून २ इंचांवर भोक पाडून ११० मिलीमीटरचा पाइपाचा तुकडा बसवला. चिरा मऊ, छिन्नीने पटकन निघतो, पण वरचं प्लास्टर सुटलं, ते धरून काम अर्ध्या दिवसाचं झालं. बाहेरच्या टोकाला रबर रिंगची टोपी. आम्ही नसू तेव्हा ती बसवायची.

आता हिशोब पुन्हा. तोंड १२ इंच, भोकाची खालची कड तिथल्या जमिनीपासून २, जमीन २ इंच उंच. १२ वजा ४, ८ इंच. चौपट ३२ फूट. मला हवेत २२. पाच इंची भिंतीने अडवलेला प्रश्न अर्ध्या दिवसाच्या मजुरीत सुटला. यातल्या एकाही गोष्टीचा होजच्या लांबीशी संबंध नाही.

१९ ऑक्टोबर

सगळा २२ फूट होजनेच करायचा नाही असं ठरवलं. चेंबरपासून १६ फूट कडक पाइप, उरलेले सहा फूट होज. कडक पाइप झोळत नाही, आतून गुळगुळीत, उन्हाने लवकर खराब होत नाही.

पाइप आणताना गोंधळ झाला, तो सविस्तर लिहितो, कारण इथे प्रत्येकजण फसेल. कणकवलीच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘तीन इंची पाइप’ मागितला. ड्रेनेजच्या पाइपांत तीन इंची म्हणजे ७५ मिलीमीटर. तो आणला. ट्रेलरकडच्या अमेरिकन मापाच्या ३ इंची तुकड्यात तो खुळखुळा वाजायला लागला. अमेरिकन ३ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलीमीटर. आपला ७५ म्हणजे बाहेरून ७५. चौदा मिलीमीटरचा फरक, कितीही टेफ्लॉन गुंडाळा. परत गेलो, कणकवली-आचरा खेप फुकट. दुकानदार म्हणाले, शेतीचा बघा. शेतीच्या पाइपांत तीन इंची म्हणजे ९० मिलीमीटर. तोच पाहिजे होता. तेव्हा इंचात मागू नका, मिलीमीटरमध्ये मागा, आणि शक्य असेल तर आपलं कपलिंग खिशात घालून न्या.

८८.९ आणि ९० यांच्यात सॉल्व्हंट सिमेंटचा जोड होत नाही, एक शिरतच नाही दुसऱ्यात. रबरी स्लीव्ह आणि दोन होज क्लिपा लावल्या, घट्ट बसलं. चेंबरकडे ११० ते ९० चा रिड्यूसर.

१६ फूट पाइपाला ४ इंच उतार दिला. चेंबरकडे ४, इकडे ८ इंच. ट्रेलरचं तोंड १२ इंचांवर, म्हणजे होजच्या सहा फुटांना आणखी ४ इंच उतार, हवा त्याच्या दुपटीहून जास्त. कडक पाइप मी पन्हळीवरच टेकवला. आता तिची गरज नव्हती, पण काकांना ती वापरात आलेली बघून बरं वाटत होतं.

चाचणी: निळं पाणी, ८० लिटर. एल्बोत भरून धार, शेवटी कोरडा.

खर्च. दोन होज, जोड आणि एल्बो ९ हजार. ९० चा २० फुटी पाइप, रिड्यूसर, स्लीव्ह, क्लिपा, टोपी मिळून दोन हजारांच्या आत. गवंडी आणि पाडेली मिळून आणखी तेवढेच. दिव्याची काच आणि पंख्याची जाळी यांचा खर्च इथे धरत नाही, तो माडांच्या खात्यावर. सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे लेव्हलची नळी, आणि ती पहिल्याच दिवशी आणली असती तर जवळपास पंधरवडा वाचला असता.

२४ ऑक्टोबर

आता रोजचं चाललंय. काही बारीकसारीक.

उतार चांगला झाला म्हटल्यावर मैल्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा मोह होतो, घरच्यासारखं. ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट भाग टाकीत साचून वाळतो, मग कितीही उताराने तो हलत नाही. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. सांडपाण्याचा व्हॉल्व्हही मैल्याची टाकी सोडण्याआधी दिवसभर बंद ठेवा, धुवायला पाणी लागतं.

टाकीत घालायची निळी रसायनं आणली होती. डबीवर फॉर्माल्डिहाइड लिहिलंय. तसंच परत ठेवलं. सेप्टिक टाकी जिवाणूंवर चालते, आणि ती आपली नाही, काकांची आहे.

बाजारच्या साध्या होज क्लिपा इथल्या खाऱ्या हवेत आताच तांबूस दिसायला लागल्या आहेत. स्टेनलेसच्या मागवल्या.

३ नोव्हेंबर

हिरव्या सक्शन पाइपचा प्रयोग. शेतीपंपाला लावतात तो ३ इंची, आत कडक वळ्या, आतून बऱ्यापैकी गुळगुळीत. सहा फूट घेतला, स्वस्त पडला. फायदे: फाटत नाही, झोळत नाही, उन्हाला दाद देत नाही. तोटे: आखडत नाही, थंड सकाळी वाकत नाही, आणि गुंडाळीतून काढला की पुन्हा गुंडाळीचाच आकार घेतो. एका जागी महिनाभर राहणार असाल तर हाच लावा. रोज हलणाऱ्याने नको. आचऱ्याला मी हाच ठेवून जाणार आहे, आयात होज प्रवासाला.

होज ठेवायला चॅसीखाली ११० चा पाइप बांधला होता. होज शिरतो, कपलिंगचे कान शिरत नाहीत. १६० चा बांधावा लागला. दोन्ही टोकांना टोप्या, तळाला तीन भोकं, म्हणजे निथळतो. पिण्याच्या पाण्याची नळी त्याच्या जवळपासही ठेवू नये, हे सांगायला नको, पण मी दोन जणांना एकाच पेटीत ठेवताना पाहिलंय.

९ नोव्हेंबर, तारकर्ली

इथे हिशोब वेगळाच. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मध्ये वाळूची पट्टी, आणि पाणी हातभर खणलं की लागतं. चेंबर मोजला: तोंड जमिनीच्या पातळीत, उतार १० इंच, अंतर १४ फूट. १५ फुटी होज अगदी माझ्यासाठीच बनवलेला. पण घरमालकांनी नम्रपणे नको म्हटलं. त्यांचा शोषखड्डा भरतीच्या वेळी आधीच जड चालतो, त्यात एकदम ८० लिटर नको. त्यांचं बरोबर. टाकी न सोडता आचऱ्याला परत आलो.

तेव्हापासून कुठल्याही मुक्कामाआधी फोनवर तीन गोष्टी विचारतो. चेंबरचं तोंड जमिनीपासून किती इंच वर. गाडी लावायच्या जागेपासून पावलांनी किती. आणि एकदम सात-आठ बादल्या पाणी सोडलं तर चालेल का. तिसरा प्रश्न आधी विचारावा, बाकीच्यांचा वेळ वाचतो. जमल्यास चेंबरशेजारी टेप किंवा घरातली फूटपट्टी उभी धरून फोटो मागतो.

२१ नोव्हेंबर

प्रवासाला काय न्यायचं ते ठरलं. १५ फुटी एक, साडेआठ फुटी एक, जोड, एल्बो, रबरी स्लीव्ह दोन, लेव्हलची नळी. आतापर्यंत मोजलेल्या जागांपैकी बहुतेक ठिकाणी १५ फुटी एकट्याने भागतं, आणि जिथे भागत नाही तिथे अडचण अंतराची नसून चेंबरच्या उंचीची निघाली. २० फुटी घ्यायचा विचार सोडला. पन्हळ न्यायची इच्छा आहे, टपावर बसत नाही.

२६ नोव्हेंबर

वेंगुर्ल्याच्या घरमालकांचा फोटो आला. चेंबरचं तोंड ९ इंच वर, पावलं अकरा, म्हणजे २५ फुटांच्या आसपास. सात-आठ बादल्या चालतील म्हणतात. जमीन सपाट धरली तरी उतार ३ इंच, म्हणजे १२ फूट. भिंतीला भोक पाडू द्या असं पहिल्याच फोनवर कसं विचारणार? दोन्ही चाकांखाली ३ इंची फळ्या घातल्या, पुढचा जॅक तेवढाच वर घेतला, तर ६ इंच उतार आणि २४ फूट होतात. आणखी जराशी जवळ लावली की बसतंय. फणसाच्या फळ्या कापायला टाकल्यात, परवा मिळतील.